बीपी मशीन आणि मोठा कफ : पाच महिने वापरून, पाळीच्या तारखांसकट

नाशिकच्या गोळे कॉलनीतून घेतलेलं दंडावर बांधायचं डिजिटल बीपी मशीन आणि त्याच्यासाठी वेगळा घेतलेला मोठा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा, दोन्ही मिळून मला २,८०० च्या आसपास पडले, पाच महिने रोजच्या रोज वापरतेय. मशीनला ५ पैकी ४ आणि कफला ५ पैकी ५. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू होतं, आणि ते असं की बायकांनी, त्यातून वजन जास्त असलेल्या बायकांनी, मशीन घेताना आधी दंडाचं माप घ्यावं आणि नंतर वहीत बीपीच्या आकड्याशेजारी पाळी सुरू झाल्यापासून कितवा दिवस आहे ते लिहावं. हे दोन मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे फार वाईट गेले नसते.

झालं काय की माझं वय ३९, उंची पाच फूट दोन, आणि तेव्हा वजन होतं ८४ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढला तर ३४ येतो, आणि आपल्या भारतीय लोकांसाठी २५ च्या वर गेलं की लठ्ठपणा धरतात, म्हणजे मी बरीच पुढे होते. बाबांना ५६ व्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आलेला, बीपी कधी तपासलंच नव्हतं त्यांनी, त्यामुळे आमच्या घरात बीपी हा शब्द नुसता निघाला तरी सगळे गप्प होतात. मी इंदिरानगरच्या बाजूला एक लेडीज जिम लावली आणि दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन एक बीपी मशीन मागवलं, म्हटलं नजर राहील. जिमहून आले, सोफ्यावर बसले न बसले तोच कफ बांधला आणि आकडा आला १५८/९८. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा घेतल्यावर पाहिलं तर १४४/९२. मग काय, दिवसातून सात-आठ वेळा मोजायला लागले, जितकं मोजावं तितकं वाढतच जायचं, रात्री झोप नाही, मुलगी आठवीत आहे तिच्याकडे बघून रडू यायचं.

शेवटी आमच्या डॉक्टर मॅडमकडे गेले ते मशीन पिशवीत घेऊन. त्यांनी आधी काही न बोलता पाच मिनिटं नुसतं बसवलं, मग स्वतःचा कफ काढला, माझा दंड बघितला, तो कफ परत ठेवला आणि ड्रॉवरमधून दुसरा मोठा काढला. १२८/८२. दोन मिनिटांनी परत, १२६/८२. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरच्या मशीनचा कफ कितीचा आहे?" मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी टेपने दंड मोजला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, ३७ सेंटीमीटर. माझ्या मशीनच्या कफवर बारीक अक्षरात छापलेलं होतं २२ ते ३२. म्हणजे तीन आठवडे मी माझ्या दंडाला न बसणारा पट्टा ओढून ओढून बांधत होते आणि तो कसाबसा चिकटायचा म्हणून मला वाटायचं बसलाय.

यामागचं कारण सोपं आहे. कफच्या आत हवेची पिशवी असते, तिची लांबी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. पिशवी लहान पडली की आतली धमनी दाबायला जास्त हवेचा जोर लागतो आणि मशीन बिचारं तो जोर म्हणजेच तुमचं बीपी असं समजून दाखवतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी हेच मोजून दाखवलं, ज्यांना लार्ज कफ लागतो त्यांना रेग्युलर बांधला तर वरचा आकडा सरासरी ४.८ ने जास्त आला आणि ज्यांना एक्स्ट्रा लार्ज लागतो त्यांच्यात तर सरासरी १९.५ ने. माझ्या बाबतीत फरक पंधरा-सोळाचा होता, त्यात सगळा दोष कफचा नाही, चहा, घाई, घाबरणं हे सगळं मिसळलेलं होतं हे मला आता कळतंय. पण १२८ च्या माणसाला १४४ दिसणं म्हणजे उद्यापासून गोळी सुरू होणं, इतका तो फरक मोठा आहे. ज्याच्याकडून ऑनलाइन घेतलं त्यांनी परत घ्यायला नकार दिला, म्हणाले बॉक्स उघडलाय, आणि मोठा कफ त्या मॉडेलला मिळतच नाही. ते मशीन आता भाच्याच्या घरी आहे, त्याचा दंड २८ चा आहे, त्याला बरोबर दाखवतं.

मग गोळे कॉलनी. नाशिकच्या लोकांना सांगायला नको, औषधं आणि सर्जिकलचं सगळं होलसेल तिकडे, पार्किंग मिळत नाही म्हणून मी गाडी लांब लावून चालत गेले. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर काका होते, आधीच्या दोन ठिकाणी "कुठलं पण घ्या ताई, सगळी सारखीच" असं ऐकून आले होते, या काकांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "कुणासाठी पाहिजे?" मी म्हटलं माझ्यासाठीच. "मग हात पुढे करा." टेप नव्हता त्यांच्याकडे, त्यांनी सुतळी गुंडाळली दंडाला, खूण केली आणि काउंटरवरच्या पट्टीवर धरली. मग म्हणाले, "मशीनसोबत येणारा कफ तुम्हाला चालणार नाही, ३२ ते ४२ वाला वेगळा घ्या, आणि त्याच कंपनीचा घ्या, नळीचं टोक दुसऱ्याला बसत नाही." एवढं सांगणारा दुकानदार मिळाला याचं मला खरंच खूप समाधान वाटलं.

आता मशीनबद्दल. स्क्रीनवरचे आकडे मोठे आहेत, चष्म्याशिवाय दिसतात. पेन्सिल सेल चार लागतात आणि रोज वापरून मला साधारण अडीच महिने पुरले. दोन जणांची मेमरी वेगळी ठेवता येते, आईची आणि माझी वेगळी ठेवलीय. शेवटच्या तीन रीडिंगची सरासरी दाखवतं हे फार उपयोगाचं आहे. बटण दाबल्यापासून आकडा येईपर्यंत ४० सेकंदांच्या आसपास लागतात. वजाबाजू म्हणजे हवा भरताना पहिल्यांदा फारच आवळतं, कधी कधी अर्ध्यात थांबून परत भरतं तेव्हा हाताला मुंग्या येतात. स्क्रीनला उजेड नाही, पहाटे लाइट लावावाच लागतो. अडॅप्टर वेगळा घ्यायचा. आणि सगळ्यात मोठी कमतरता म्हणजे मेमरीमध्ये तारीख-वेळ असते पण स्वतःहून काही टीप टाकायची सोय नाही, म्हणजे पाळीचा दिवस टाकायला जागाच नाही, त्यासाठी एक स्टार कापलाय. हे मशीन बनवणाऱ्यांच्या मनात अर्धी गिऱ्हाइकं बायका आहेत हे आलंच नाही का असं मला राहून राहून वाटतं.

पाळीचा आणि याचा काय संबंध, तर तिकडेच येतेय.

जिममध्ये आमच्याकडून प्लँक आणि वॉल सिट करून घ्यायचे, प्लँक म्हणजे पालथं होऊन कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरायचं, आणि वॉल सिट म्हणजे भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसायचं आणि धरून ठेवायचं. मला काही दिवस ते जमायचं आणि काही दिवस तेवढ्याच वेळात कानशिलं उडायला लागायची, डोकं जड व्हायचं, आणि हे दिवस बहुतेक पाळीच्या पहिल्या दुसऱ्या दिवशी यायचे. ट्रेनरला सांगितलं तर म्हणाली की हे सगळं मनाचं असतं, पाळीचं कारण सांगितलं की बॉडी आळशी होते. ते मला लागलं. मी डॉक्टर मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या की मनाचं नाही, व्यायामात बीपी वाढवणारा एक रिफ्लेक्स, म्हणजे शरीराची आपोआप होणारी प्रतिक्रिया, असतो आणि त्याच्यावर वजनाचा आणि हॉर्मोन्सचा परिणाम होतो का यावर चांगलं संशोधन झालेलं आहे, तुम्ही घरी वही ठेवा. त्या दिवसापासून मी हे मशीन नुसतं बीपी बघायला नाही, तर हा रिफ्लेक्स बघायला वापरायला लागले.

समजा तुम्ही ओली चादर पिळताय, किंवा भरलेला सिलेंडर दोन पायऱ्या वर चढवताय. स्नायू आवळलेला राहिला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त नीट पोचत नाही, आत आम्ल वगैरे साचायला लागतं आणि दंड भरून येतो. स्नायूमध्ये अगदी बारीक मज्जातंतू असतात, त्यांना गट ३ आणि गट ४ म्हणतात. गट ३ वाले मुख्यतः ताण आणि दाब ओळखतात, म्हणजे स्नायू आवळला की लगेच बोलतात, आणि गट ४ वाले मुख्यतः तो साचलेला कचरा ओळखतात, ते थोडं उशिरा जागे होतात. दोघं मिळून मेंदूच्या बुडाशी निरोप पाठवतात की इकडे रक्त कमी पडतंय, आणि तिथून हुकूम निघतो, हृदय जोरात चालव, इतर ठिकाणच्या रक्तवाहिन्या आवळ, प्रेशर वाढव म्हणजे या स्नायूला रक्त मिळेल. याला एक्सरसाईज प्रेसर रिफ्लेक्स म्हणतात. १९३७ साली आलम आणि स्मर्क या दोघांनी हे फार सुंदर दाखवलं होतं, त्यांनी लोकांना व्यायाम करायला लावला आणि व्यायाम थांबवायच्या वेळी त्या अवयवाचं रक्त कफने अडवून धरलं, म्हणजे कचरा आतच राहिला, तर व्यायाम थांबून माणूस निवांत बसलाय तरी बीपी चढलेलंच राहिलं आणि कफ सोडल्यावरच उतरलं. आजही लॅबमध्ये हीच पद्धत वापरतात. पण हे घरी अजिबात करायचं नाही, रक्त अडवून ठेवणं हा घरी करायचा प्रयोग नाही.

मी घरी जे करते ते साधं आहे. स्प्रिंगचा हँड ग्रिप घेतला, तो गोल फिरवून किलो कमी जास्त करता येतो तसला. पूर्ण जोर लावून मी २२ किलोवर एकदाच मिटवू शकते, मग त्याच्या तीस टक्के म्हणजे जवळपास ७ किलोवर ठेवला, लॅबमध्येही जास्तीत जास्त जोराच्या साधारण तीस टक्केच धरतात. लॅबचं यंत्र वेगळं असतं आणि माझा हा स्प्रिंगचा आहे, त्यामुळे माझे आकडे दुसऱ्या कुणाशी लावून बघण्यात अर्थ नाही, माझेच माझ्याशी बघायचे. डाव्या दंडाला कफ, उजव्या हातात ग्रिप, दोन मिनिटं मिटवून धरायचा. डावा हात टेबलवर निवांत असल्यामुळे मशीनला रीडिंग घेता येतं, कफ बांधलेला हात हलला तर एरर येतो, त्यामुळे चालता चालता किंवा पायऱ्या चढताना या मशीनने मोजायला जाऊच नका. एक मिनिट वीस सेकंद झाले की मुलगी बटण दाबते आणि दोन मिनिटं पूर्ण होताना आकडा येतो. तीच मला ओरडते पण, "आई श्वास धरू नकोस!" कारण श्वास कोंडला की बीपी वेगळ्याच कारणाने उसळी मारतं आणि सगळं रीडिंग वाया जातं. आणि बोलायचं पण नाही मधे.

त्याच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड छातीच्या पातळीला, अर्धा तास आधी चहा कॉफी नाही, बाथरूमला जाऊन आलेलं असलं पाहिजे. एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. घरी मोजताना सरासरी १३५/८५ च्या वर राहायला लागली की डॉक्टरांकडे जायचं. हे सगळं पाळल्यावर माझं आधीचं निम्मं बीपी घाबरल्यामुळेच होतं की काय असं वाटायला लागलं.

आता वही. पाच महिन्यांत माझ्या पाच पाळ्या धरल्यात, त्यातली एक लांबली होती. पाळीच्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी बसून बीपी १२५/८० च्या आसपास आणि ग्रिपच्या शेवटी १५० च्या जवळ. अकराव्या ते तेराव्या दिवसांत बसून १२२/७९ आणि ग्रिपच्या शेवटी १४० ते १४२. एकविसाव्या बाविसाव्या दिवशी आकडे सगळ्यात जास्त पसरलेले, कधी १४३ कधी १५१, बसलेलंही थोडं जास्त. बसलेल्या आकड्यात फरक दोन-तीनचा, पण जोर लावल्यावरची उडी मात्र पाळीत पंचवीसची आणि मधल्या दिवसांत वीसच्या आत, हे मला महत्त्वाचं वाटलं, कारण नुसतं सकाळी बसून बीपी बघणाऱ्या बाईला हे कधी दिसणारच नाही. एका महिन्यात मात्र काहीच फरक आला नाही, तेही वहीत तसंच आहे, खोडलं नाही.

असं का होत असावं हे मॅडमनी समजावलं ते सांगते. पाळीच्या सुरुवातीला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही बायकांची दोन्ही मुख्य हॉर्मोन्स खाली असतात. मग इस्ट्रोजेन चढत जातं आणि बीज बाहेर पडायच्या थोडं आधी सगळ्यात वर असतं. इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतं, नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू आतून सुटतो त्याच्या मार्फत, शिवाय शरीराची जी घाईगडबडीची यंत्रणा असते, सिंपथेटिक, तिला थोडं शांत ठेवतं. नंतर प्रोजेस्टेरॉन वर येतं, अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढतं, आणि बसलेल्या अवस्थेतही सिंपथेटिक नसांची हालचाल पाळीच्या सुरुवातीपेक्षा जास्त असते असं आढळलंय. मूठ आवळून धरायचे असेच प्रयोग बायकांवर झालेत, त्यातल्या काहींमध्ये पाळीच्या दिवसांत या नसांचा प्रतिसाद जास्त आणि नंतरच्या इस्ट्रोजेन चढत्या दिवसांत कमी दिसला, आणि काहींमध्ये फारसा फरक दिसलाच नाही. म्हणजे प्रत्येक बाईला माझ्यासारखंच होईल असं मी म्हणत नाहीये, पण "मनाचं असतं" म्हणून झटकायची गोष्ट ही नक्कीच नाही.

एक गोष्ट मी स्वतः दोन महिने चुकवली ती पण लिहिते. पाळीत पोट दुखतं म्हणून मी मेडिकलमधून नेहमीची मेफेनामिक अॅसिडची गोळी घ्यायचे, आणि त्या प्रकारच्या पेनकिलरने बीपी थोडं वर जाऊ शकतं. म्हणजे माझा १५० चा आकडा पाळीचा का गोळीचा हे कसं कळणार? मग पुढच्या दोन पाळ्यांत मोजायच्या दिवशी मोजून होईपर्यंत गोळी न घेता गरम पाण्याच्या पिशवीवर भागवलं, उडी तरीही मधल्या दिवसांपेक्षा जास्तच आली, पण पहिल्याइतकी नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा, त्यांच्या हॉर्मोनचं गणितच वेगळं असतं आणि त्या गोळ्यांनी काही जणींचं बीपी वाढतं, तेव्हा तुमची वही माझ्या वहीसारखी दिसणार नाही. झोप कमी झाली असेल तरी आकडा हलतो. थंडीत तर हलतोच, डिसेंबरात निफाडचा पारा खाली गेला की आपल्याकडे पण सकाळी बोटं वाकडी होतात, त्या दिवसांत माझं सगळंच चार-पाचने वर होतं.

आता वजनाबद्दल, आणि इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मला वाटायचं वजन जास्त म्हणून व्यायामात बीपी जास्त, संपला विषय. पण पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना मी ८४ किलो उचलून वर नेते आणि माझी मैत्रीण ५५ किलो नेते, म्हणजे आम्ही दोघी एकच व्यायाम करतच नाही आहोत, माझं काम मुळातच दीडपट आहे, मग माझी धाप आणि माझं बीपी तिच्याशी कशाला लावायचं. ग्रिपमध्ये तसं नाही, तिथे पोटाचं मांड्यांचं वजन उचलायचं नसतं, प्रत्येकीच्या स्वतःच्या ताकदीच्या तीस टक्केच. म्हणूनच संशोधनवाले वजनाचा परिणाम बघायला मूठ आवळायला लावतात.

आणि त्यात काय दिसलं तर सगळ्या अभ्यासांचा सूर एक नाही. एवढं पक्कं आहे की वजन जास्त असलं की नुसतं बसलेलं असतानाही सिंपथेटिक नसा जास्त चालू असतात, म्हणजे गाडी उभी आहे पण एक्सलरेटर थोडा पिळलेलाच आहे. पण स्नायूतल्या कचऱ्याकडून येणारा जो निरोप, त्याला मिळणारं उत्तर मात्र लठ्ठ बायकांमध्ये बोथट झालेलं ब्राझीलच्या संशोधकांना दिसलं, आणि व्यायाम करणाऱ्या हातातल्या रक्तवाहिन्याही हव्या तेवढ्या सैल होत नव्हत्या. दुसऱ्या काही अभ्यासांत उलट बीपीची उडी जास्त दिसली. मला त्यातली सगळ्यात आशा देणारी गोष्ट ही वाटली की त्याच ब्राझीलच्या लोकांनी वजन कमी केल्यावर परत मोजलं तेव्हा हा रिफ्लेक्स सुधारलेला दिसला. म्हणजे बिघडलेली तार परत जुळते. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्या केबिनमध्ये रडले, कारण बाबांच्या वेळी हे असं कुणी सांगणारंच नव्हतं आम्हाला.

पाच महिन्यांत मी ८४ वरून ७९ वर आलेय. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज पाऊण तास, घरात मीठ बऱ्यापैकी कमी केलं, लोणचं-पापड रविवारपुरते, मिसळ महिन्यातून एकदा. बसलेलं बीपी आता १२० च्या आसपास असतं, साधारण एका किलोमागे वरचा आकडा एकाने उतरतो असा हिशेब मॅडमनी दिला होता तो माझ्या बाबतीत जुळला. दंड ३७ वरून साडेपस्तीस झाला, कफ अजून तोच चालतो, ३२ च्या खाली गेले की बदलावा लागेल आणि तो दिवस यावा अशी माझी फार इच्छा आहे. वजन बघतानाही पाळीचा दिवस लिहायला लागले, कारण आधीच्या चार-पाच दिवसांत माझा काटा एक दीड किलोने वर जातो आणि पाळी सुरू झाली की आपोआप खाली येतो, ते पाणी असतं. हे माहीत नव्हतं तेव्हा दर महिन्याला त्याच आठवड्यात डाएट सोडून द्यायचे.

आईबद्दल थोडं. तिचं वय ६६, पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, बीपीची गोळी चालू आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनची जी साथ असते ती जाते, आणि तरुण बायकांच्या मानाने पाळी गेलेल्या बायकांमध्ये याच रिफ्लेक्सने बीपी जास्त चढतं असं अभ्यासात दिसलंय. तिला मी ग्रिप हातात घेऊ दिला नाही, तिचे फक्त बसलेले आकडे घेते. पण एक केलं, मोठ्या चादरी हाताने पिळणं आणि पाण्याने भरलेली बादली दुसऱ्या मजल्यावर नेणं बंद केलं, आता मशीनमध्येच पिळतात. ती चिडली होती आधी, "आयुष्यभर पिळल्या मी, काय झालं?" म्हणून. ज्यांचं बीपी जास्त आहे, हृदयाचा त्रास आहे, किंवा ज्या गरोदर आहेत त्यांनी माझं हे ग्रिपचं वाचून घरी सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि छातीत दुखलं, हातातून कळ आली, एका बाजूला बधिर वाटलं तर मोजत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

जिम मी सोडली, ट्रेनरवर राग नाही आता, तिलाही कुणी शिकवलं नसणार. पाळीत व्यायाम बंद करावा असं या सगळ्यातून निघत नाही, मी पहिल्या दोन दिवशी वॉल सिट आणि प्लँक धरून ठेवत नाही इतकंच, ट्रॅकवर चालते, आणि अकराव्या-बाराव्या दिवशी जड व्यायाम ठेवते कारण तेव्हा अंग साथ देतं.

ट्रॅकवरच्या आमच्या ग्रुपमध्ये हे सांगितल्यावर सहा जणींनी दंड मोजले, त्यातल्या चौघींचे ३२ च्या वर निघाले आणि चौघींच्याही घरी साधाच कफ होता. एकीची तर गोळी दोन वर्षं चालू आहे, ती आता मोठा कफ घेऊन पंधरा दिवसांचे आकडे लिहून डॉक्टरांकडे जाणार आहे, गोळी स्वतःहून बंद करू नकोस असं सगळ्यांनी तिला बजावलंय. मोठा कफ नुसता घेतला तर मला ७५० ला पडला, मशीनचा मॉडेल नंबर फोटो काढून न्या म्हणजे नळी जुळते का ते दुकानातच बघता येतं. आणि टेप पर्समध्ये टाकून न्या, तीनपैकी एकाही दुकानात टेप नव्हता.